दारावरची फुली

सकाळी दहापर्यंत माझं मौन असतं. रोजचं व्रत. नेमका त्याच वेळी तो दारात आला. खांद्याला लसींचा निळा डबा, कपाळावर घामाने चिकटलेली बट.

"घरात लहान मूल आहे ना? गोवराची लस द्यायचीय."

ओठांवर बोट ठेवून मी नकारार्थी मान हलवली. आत्ता बोलता येत नाही, एवढंच सांगायचं होतं. त्याने सुस्कारा सोडला, दारावर खडूने फुली मारली... आणि निघाला. फुली म्हणजे या घराचा नकार!

दहा वाजले तशी मी तडक दवाखान्यात.

"माझ्या दारावर फुली मारणारे तुम्हीच ना?"

"तुम्ही... बोलता?"

"दहानंतर. तेव्हा टोचूनही बोलते."

"म्हणजे आपला धंदा एकच!"

हसू आलं, ते मी गिळलं. "अहो, गल्ली माझी व्रतं मानते, माझ्याकडे बघून चालते. फुली पाहून सहा घरांनी दारं लावली. मागच्या गल्लीत दोन मुलं गोवराने तापलीत!"

त्याने खडूने माखलेली बोटं पाठीमागे लपवली. "मग चला माझ्याबरोबर. दहानंतर."

आठ दिवस आम्ही दारोदार फिरलो. मी बोलायची, तो ऐकायचा—माझ्याकडे जरा जास्तच बघत. शेवटी शेजारच्या काकूंनी अडवलंच, "दुसऱ्यांच्या लेकरांना टोचायला लावतेस, तुझ्या घरातल्या भाचीचं काय गं?"

खरंच होतं. वहिनी तयार होती, पण दादा अडून बसलेला.

मी वहिनीला आणि भाचीला अंगणात आणलं. भर गल्लीसमोर. दादा धावत आला.

"देवाचं करतेस, आणि सुईवर विश्वास?"

"देवाचं करते म्हणूनच. रोज हिच्यासाठी हात जोडते, दादा. आज त्याच हातांनी हिला धरणार."

मी भाचीचा दंड धरला. सुई धरलेली त्याची बोटं माझ्या बोटांना लागली... सुई गेली. भाची किंचाळली. दादा पाय आपटत आत गेला.

काकू नातवाला घेऊन पुढे सरकल्या. त्यांच्यामागे आणखी चौघी.

तो हळूच म्हणाला, "दादांकडे आता कोणत्या तोंडाने तुमचा हात मागू?"

"माझा हात आहे—मला विचारा."

"लग्न कराल माझ्याशी?"

"मोठ्याने. गल्लीला ऐकू जाऊ दे."

तो कानांपर्यंत लाल झाला. पण विचारलं, ठणठणीत आवाजात. आणि मी तेवढ्याच मोठ्याने म्हणाले, "हो!"

"बरं झालं," काकू म्हणाल्या, "पण आधी माझ्या नातवाला टोच रे बाबा, मग खुशाल संसार करा!"