सतरा वर्षांचे हात

‘तटबंदी’ नव्या रूपात परत आली तेव्हा केतकी शिरगुप्पे एकोणसाठ वर्षांची होती, आणि दुपारपर्यंत तिचे हात सतरा वर्षांचे होणार होते.

‘तटबंदी’ म्हणजे सायबर कॅफेच्या जमान्यातला गोळीबाराचा खेळ. इचलकरंजीच्या कॅफेत खेळणारी केतकी एकटीच पोरगी, पण भल्याभल्यांना तिनं पाणी पाजलं होतं. नव्या ‘तटबंदी’चा गाजावाजा चित्रांसाठी नव्हता, खरीखुरी चित्रं काय, आता सगळ्याच खेळांत असतात. इथली गंमत होती ‘हातठशा’ची. बोट कधी दाबलं, कुठं थबकलं, मनगट कसं वळलं, हे सगळं जुन्या कंपनीनं खेळाडूगणिक नोंदवून ठेवलं होतं. त्यावरून त्या वयाच्या हाताची लय पुन्हा बांधता येते. तिलाच म्हणायचं हातठसा.

“म्हणजे माझे हात तरुण होणार? या संधिवातासकट?” केतकीनं विचारलं.

नव्या खेळाच्या कंपनीतला डॉ. नचिकेत केंजळे तिला तारांचे हातमोजे चढवत होता. “सांधे तेच राहतील, काकू. शिकवण बदलेल. डोकं वेगळं लक्षात ठेवतं, हात वेगळं. अंधारातही तुमचा हात दाराची कडी बरोबर शोधतो ना? हाताचं हे शिकणं मेंदूच्या मागच्या भागात साठतं. हे मोजे तिथं तुमचा जुना ठसा जागा करतात. हातांना तेव्हाचं सगळं आठवतं, नंतरचं मात्र पुसट होतं. म्हणून विचारतो, सतरानंतर हातांनी काही शिकलात? तबला, शिवण, गाडी?”

“गाड्या आपल्या आपण पळतात आता. स्वयंपाक आईनं आधीच शिकवला होता. नाही रे बाबा, काही नाही. लाव तू.”

आणि अगं बाई, काय खेळली ती! फाटक तसंच करकरलं. बुरुजामागच्या पिंपावर चढून भिंतीतून आरपार जाता यायचं, ती मूळ खेळातली चूकसुद्धा या शहाण्यांनी तशीच ठेवली होती. नवं ऊन मात्र तिला जरा जास्तच गोड वाटलं. किल्ल्यात लढाई चाललीय की लग्नाचे फोटो, असं ती नचिकेतला म्हणालीही. पण नेम! डोळ्यांनी शत्रू बघायच्या आत बोट दाबलं जात होतं. समोरची विशीतली पोरं पटापट पडत होती. ती मोठ्यानं हसली. इतका आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

घरी हेमंत दारातच उभा होता. तिचा नवरा. जन्मापासून त्याला ऐकू येत नाही. ‘जिंकलीस?’ त्यानं हातांनी विचारलं.

केतकीनं उत्तराला हात उचलले आणि ते हवेत तसेच राहिले. त्याची प्रत्येक खूण तिला कळत होती, पण तिची बोटं नुसतीच चाळवली. खुणांची भाषा ती लग्नाच्या वेळी शिकली होती, सव्विसाव्या वर्षी.

तिनं घाबरून नचिकेतला फोन लावला.

“काकू, विचारलं होतं ना मी!”

“अरे, नवऱ्याशी बोलणं हे काय हाताचं काम आहे? मला सुचलंच नाही.”

“खेळला नाहीत तर महिना-दोन महिन्यांत परत येईल. खेळलात की पुन्हा जाईल. हात एका वेळी एकच वय धरतात.”

फोनच्या पडद्यावर उमटणारे शब्द हेमंत वाचत होता. लिहून बोलता आलं असतं, पण लिहून धड भांडताही येत नाही, चिडवता तर मुळीच येत नाही. तो हसला, तिला शेजारी बसवलं आणि पहिल्यापासून शिकवू लागला. पाणी. भूक. हो. नाही. सतरा वर्षांची बोटं पटपट उचलत होती. एक खूण चुकून भलतीच झाली, तेव्हा दोघं पोट धरून हसले. जेवणं होईपर्यंत ती त्याला ‘मीठ कमी’ असं सांगू शकली. संध्याकाळ खरंच मजेत गेली.

ताटं एका हातावर पेलत हेमंतनं मोकळ्या हातानं सहज विचारलं, ‘उद्या जाणार खेळायला?’

‘नाही’ची खूण तिला आता चांगली येत होती. हात मांडीवरच राहिले.

हेमंत ताटं खाली ठेवून वाट बघत बसला. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच त्याला कळेना, हिला सांगता येत नाहीये, की सांगायचं नाहीये.