सुतळीला उशीर का होतो?

"उशीर झाला. पुन्हा," मावशी म्हणाली आणि वहीत फुली मारली.

चेंडू बॅटला न लागता मागच्या जाळीवर आदळला होता. सलग सातवा. सुतळीने हेल्मेट सरळ केलं आणि ती पुन्हा उभी राहिली. ती बारा वर्षांची, उंच आणि किडकिडीत, म्हणून सगळे तिला सुतळीच म्हणायचे. मागच्या महिन्यापर्यंत बेसबॉलच्या संघात तिच्याइतकं छान कोणी मारत नव्हतं. सुट्टीतलं शिबिर सुरू झालं आणि चार दिवसांत तिची बॅट नुसती हवा कापायला लागली.

शिबिर घेत होती तिची सख्खी मावशी. घरी लाड करणारी, मैदानावर मात्र भलतीच कडक. ती फलंदाजाच्या बाजूला उभी राहून फक्त पाय, कंबर आणि हात बघायची.

"वजन मागच्या पायावर. छोटं पाऊल पुढे. आधी कंबर वळू दे, हात तिच्या मागून येतील. आणि डोकं हलवू नकोस," मावशीने पाढा म्हणावा तसं सांगितलं.

जाळीच्या दुसऱ्या टोकाला मैदानाची देखभाल करणारे काका चेंडू फेकणाऱ्या यंत्रापाशी बसले होते. मुलं त्या यंत्राला तोफ म्हणायची. काकांनी हात उंचावून इशारा केला आणि तोफेत चेंडू सोडला. सुतळीची कंबर वळली, बॅट फिरली. तोवर चेंडू मागच्या जाळीत होता.

मावशीने वही मिटली आणि तिला बाजूला घेतलं.

"उद्या सामना आहे. पहिल्या नऊ जणांत तुला घेता येणार नाही."

"मी तू सांगतेस तसंच करतेय, मावशी."

"मग चेंडू का लागत नाही?" मावशीचा आवाज थोडा खाली आला. "भाची म्हणून घेतलं, असं कोणी म्हणायला नको. पाच वाजता यादी लावायची आहे. तोवर सुधारलीस तर बघू."

सुतळी सामानाच्या खोलीमागच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. तिच्या मागोमाग दोघं आले. एक मावशीची दहा वर्षांची मुलगी, गोल चेहऱ्याची बटण. दुसरा फूटपट्टी, संघातला सगळ्यात उंच मुलगा. फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलायचं काम त्याचं.

"मला आता खेळताच येत नाही बहुतेक," सुतळी म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

"खोटं," फूटपट्टी म्हणाला. "मी तुझ्या मागेच बसतो. तुझा स्विंग, म्हणजे बॅट फिरवणं, अगदी पूर्वीसारखा आहे. काहीतरी दुसरीच भानगड आहे. ऊठ, बघूया."

बाहेरच्या मैदानात त्यांनी रबरी दांड्यावर चेंडू ठेवला. सुतळीने दहा मारले. दहाच्या दहा नीट लागले. मग फूटपट्टी चेंडू टाकायच्या नेहमीच्या अंतरावर आखलेल्या रेषेवर जाऊन उभा राहिला आणि जीव तोडून हाताने चेंडू टाकू लागला. दहांतले नऊ थेट कुंपणाकडे गेले.

"म्हणजे फक्त तोफेसमोरच उशीर होतो," बटण म्हणाली. "मग तोफच बिघडली असणार."

"बाकीच्यांचे लागतात की," सुतळी म्हणाली.

"कसे लागतात ते बघितलंस का?" फूटपट्टी म्हणाला. "काकांनी हात वर केला रे केला की ते बॅट फिरवायला लागतात. चेंडूकडे बघतच नाहीत. पाचांतला एखादा लागतो नशिबाने. तू शेवटपर्यंत चेंडू बघतेस, म्हणून तुझी पंचाईत होते."

काका चहाला गेले, तसे तिघं जाळीत शिरले. तोफ नेहमीसारखीच दिसत होती. वेगाचा काटाही नेहमीच्याच आकड्यावर होता. बटण मात्र जमिनीकडे बघत आणखी मागे गेली आणि तिथेच उकिडवी बसली.

"इकडे या. हे काय आहे?"

सिमेंटवर गंजाची तीन वर्तुळं उमटली होती. तोफेला पायही तीनच, आणि वर्तुळं बरोब्बर त्या पायांएवढी. फूटपट्टीने सामानाच्या खोलीतून मोजायची टेप आणली. फलंदाजाच्या जागेपासून वर्तुळांपर्यंत शेहेचाळीस फूट भरले, नियमात असतात तेवढेच. तोफेपर्यंत मात्र अडतीस.

सुतळीने दुसऱ्यांदा मोजलं. मग तिसऱ्यांदा.

"आठ फूट," ती हळूच म्हणाली. "चेंडू बघायला आठ फूट कमीच मिळत होते मला."

फूटपट्टी धावत मावशीकडे गेला. ती फोनवर उद्याच्या बसचं बोलत होती. तिने त्याला अर्धंच वाक्य बोलू दिलं. "मारता येत नाही म्हणून यंत्राला नावं ठेवायची नाहीत. जा, सराव करा."

साडेचार वाजले होते.

"आईला सांगून पटत नाही," बटण म्हणाली. "तिला करायला लावलं पाहिजे."

काका परत आल्यावर बटण आईजवळ गेली आणि एकदम गोड आवाजात म्हणाली, "आई, कंबर आधी आणि हात नंतर हे मला कळतच नाही. तू एकदा तोफेसमोर मारून दाखव ना. सगळ्यांनाच दाखव."

शिकवायचं म्हटलं की मावशी कधी नाही म्हणत नसे. तिने हेल्मेट घातलं, बॅट घेतली. सगळा संघ जाळीभोवती गोळा झाला.

पहिला चेंडू सुटला. मावशी चुकली. कोणी हसलं नाही. दुसरा सुटला, तोही मागे गेला. तिसऱ्याला बॅटची जेमतेम कड लागली.

"तुलाही उशीर होतोय, आई," बटण म्हणाली.

मावशीने बॅट खाली केली आणि चार दिवसांत पहिल्यांदा समोर नीट बघितलं. "हे यंत्र इतकं जवळ कसं?"

फूटपट्टीने टेप पुढे केली. सुतळीने वर्तुळं दाखवली. काकांचा चेहरा पडला.

"वायर टोकाकडून बरीच जळली होती," ते म्हणाले. "शिबिराच्या आधी मी तेवढी कापून टाकली. मग वायर पुरेना, म्हणून तोफ जरा पुढे ओढली. एवढ्याशाने काय होतंय, असं वाटलं. सांगायचं राहूनच गेलं बघा."

"आणि माझं बघायचं राहून गेलं," मावशी म्हणाली. "अहो, इतक्या जवळून चेंडू एखाद्याच्या तोंडावर बसला असता."

काकांनी लगेच लांब वायर आणून जोडली. तिघांनी मिळून तोफ वर्तुळांवर नेऊन ठेवली.

सुतळी उभी राहिली. वजन मागच्या पायावर, छोटं पाऊल. चेंडू सुटताना तिला स्वच्छ दिसला. कंबर वळली, पाठोपाठ हात आले आणि खणखणीत आवाज झाला. चेंडू काकांच्या डोक्यावरून पार टोकाच्या जाळीत घुसला. दुसराही तसाच, आणि तिसराही.

मावशी तिच्याजवळ आली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही चार दिवस बरोबर खेळत होती आणि मी तिला चूक म्हणत होते. उद्या पहिली फलंदाजी हिची. आणि या दोघांनी डोकं चालवलं नसतं, तर मी एक चांगला स्विंग मोडून टाकला असता. शाबास रे पोरांनो."

सुतळीने मावशीच्या खांद्यात तोंड खुपसलं. रडू येतंय की हसू, तिचं तिलाच कळेना. मग तिने मान वर केली.

"मावशी, खायला काही आहे का? फार भूक लागलीय."