अजून चालू असलेली क्रिया

बस वडशाच्या पुढे निघाली तेव्हा धम्मदीपनं खिडकीची काच सरकवली. धान कापून झालं होतं. बांध्यांमध्ये नुसती खुंटं उरली होती, मधूनमधून रचलेल्या भाऱ्यांचे पुंजणे उभे होते आणि वाऱ्यासोबत तणसाचा, धानाच्या पेंढ्याचा तो जुना, ओलसर वास आत येत होता. हा वास आला की कुरखेडा जवळ आलं, हे त्याला डोळे मिटूनही कळायचं.

चंद्रपूरला जटपुरा गेटजवळच्या एका क्लासमध्ये तो इंग्रजी शिकवत होता. पोरांचं घोडं दरवर्षी एकाच ठिकाणी अडायचं, ते म्हणजे काळ. ‘आय ॲम लिव्हिंग इन चंद्रपूर सिन्स फाइव्ह इयर्स’ असं ती बिनधास्त लिहायची आणि धम्मदीप लाल शाईनं खोडत बसायचा. खोडायची ही सवय त्याला ज्यांनी लावली, त्या गुणवंतराव सरांकडेच तो आज निघाला होता.

निमित्त सरांच्या मुलीचं होतं. दिव्यानीचा नागपूरहून फोन आला होता.

"दादा, बाबांले एकदा पाहून या ना. आईबद्दल असे बोलतात, जशी ती घरातच आहे. परवा म्हणे, आई कामात आहे, मंग फोन कर. डॉक्टर म्हणते, विसरणं सुरू झालं असन. मी घर बंद करून त्यांले इकडं आणतो म्हणतो, तर ऐकतच नाई. तुम्ही सांगा, डोकं ठिकाणावर आहे का नाई. तुम्ही म्हणसाल तसं करतो."

रुखमाकाकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती. धम्मदीपनं स्वतः खांदा दिला होता.

सती नदीच्या पुलाअलीकडे उतरून तो चालत निघाला. सरांचं घर होतं तसंच होतं. कौलारू, बसकं, पुढे लांब ओसरी. याच ओसरीवर सर संध्याकाळी गावातल्या पोरांना फुकट शिकवायचे. धम्मदीपचं गाव नदीपलीकडे, वाट जंगलातली. म्हणून त्याची आई, मनकर्णा, रोवण्याच्या किंवा कापणीच्या कामावरून तशीच त्याला न्यायला यायची. वर्ग सुटेपर्यंत ती आत काकूंजवळ बसायची. दोघी सुपात तांदूळ घेऊन निवडत राहायच्या. बाहेर पोरं ‘सिन्स मॉर्निंग, फॉर टू अवर्स’ घोकायची आणि आतून दोघींचं हसणं यायचं. परत जाताना आई वाटेत विचारायची, "काय शिकवलं रे आज?" तो सांगायचा. तिला त्यातलं काही कळायचं नाही. पण पुढच्या दिवशी ती पुन्हा विचारायची.

आईही गेली होती. किडनीच्या दुखण्यानं, चंद्रपूरच्या दवाखान्यात. फोन आला तेव्हा तो वर्गात फळ्यावर लिहीत होता.

सर ओसरीवरच बसले होते. वाळले होते, पण सदऱ्याला इस्त्री होती.

"या, या. बसा," ते म्हणाले.

धम्मदीपला नवल वाटलं. सरांनी त्याला कधी अहोजाहो केलं नव्हतं. वय झालं, असं म्हणून तो खाटेच्या मधोमध बसला.

"जरा सरकून बस ना," सर म्हणाले. तो सरकला.

मग गप्पा निघाल्या. सरांना सगळं आठवत होतं. कोणत्या पोराची सायकल पुलावरून पडली, कोणती पोरगी आता सिरोंच्याला नर्स आहे, धम्मदीप ‘सिन्स’चं स्पेलिंग किती दिवस चुकवायचा. हे विसरणारं डोकं नव्हे, असं त्याला वाटलं. तरी खात्री म्हणून त्यानं पिशवीतून क्लासचा छापील कागद काढला. त्यावर मुलांना दुरुस्त करायला दिलेली वाक्यं होती.

"सर, जरा पाहून द्या ना."

सरांनी खिशातलं लाल पेन काढलं. पहिल्या वाक्यातला ‘सिन्स’ खोडून ‘फॉर’ केला, दुसऱ्यात ‘ॲम’चा ‘हॅव बीन’. एकही चूक नजरेतून सुटली नाही.

तेवढ्यात आतून आवाज आला. सूप पाखडल्याचा. फट्, फट्, फट्. मग थोडं थांबून तांदळातून बोटं फिरल्याची सळसळ.

"घरात कोणी आहे का सर?"

सरांनी मान वर केली नाही. "रुखमा हॅज बीन क्लीनिंग राइस सिन्स मॉर्निंग."

धम्मदीप पाणी पितो म्हणून उठला आणि आत गेला.

स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. मागचं दार आतून कडी लावून बंद होतं. जमिनीवर सूप होतं, त्यात तांदूळ, एका कडेला वेचलेल्या खड्यांची लहानशी ढिगली. कौलाच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा आला होता आणि त्यात कोंडा तरंगत होता.

कोंडा अजून खाली बसत होता.

पाणी न पिताच तो परत आला. आपल्या खाटेवर, सरकून बसला होता त्याच जागी बसला. आतून पुन्हा फट्, फट् सुरू झालं.

"सर," त्यानं विचारलं, "काकू गेल्या, हे इंग्रजीत कसं लिहाल?"

"रुखमा डाइड थ्री इयर्स अगो," सर लगेच म्हणाले. "अगो आला की साधा भूतकाळ. काऊन, तुले हेही सांगा लागते काय आता?"

"मग मघाचं वाक्य?"

"तेही बरोबर आहे. क्रिया सकाळी सुरू झाली, अजून चालू आहे." सरांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. नजर स्वच्छ होती, वर्गात असायची तशीच. "दोन्ही वाक्यं तपास. कुठं चूक असन तर दाखव."

त्यानं मनातल्या मनात दोन्ही वाक्यं तपासली. चूक नव्हती.

सर पुन्हा कागदाकडे वळले. शेवटच्या वाक्यावर पेन थांबलं.

"इट इज टू इयर्स सिन्स माय मदर हॅज डाइड. हे तुझं वाक्य आहे ना?"

"हो सर. पोरांनी दुरुस्त करावं म्हणून दिलं."

"पोरांसाठी नाई दिलं तू." सरांनी ‘हॅज’ खोडलं. "नुसतं डाइड. मरण एकदाच होते बाबू, ते चालू राहत नाई."

 गेल्या दोन वर्षांत हे वाक्य धम्मदीपनं कितीदा फळ्यावर लिहिलं असेल, आणि प्रत्येक वेळी तेच चुकवलं असेल.

"पण यापुढं अजून एक वाक्य लागते," सर हलकेच म्हणाले.

"कोणतं?"

सर त्याच्याकडे पाहत नव्हते. त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहत होते. चेहऱ्यावर घरी पाहुणं आल्यावर येतं तसं हसू होतं.

"जा ना बाई आत," ते म्हणाले. "ती वाटच पाहून राह्यली."

खाटेची दोरी करकरली.

धम्मदीप जागचा हलला नव्हता.

आतलं सूप थांबलं. बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग सळसळ पुन्हा सुरू झाली.

या वेळी ती दोन ठिकाणांहून येत होती.

त्याला भीती वाटली, हे खरं. आणि आत जाऊन पाहावं असं इतकं वाटलं की त्यानं खाटेचं लाकूड घट्ट धरून ठेवलं. आत गेलं की आवाज थांबेल, हे त्याला कळत होतं.

"येतो सर," शेवटी तो म्हणाला. "बसची वेळ झाली."

"ये," सर म्हणाले. "एकटा नीट जाशील ना?"

फाटकाबाहेर येऊन त्यानं दिव्यानीला फोन लावला.

"सरांचं डोकं माझ्यापेक्षा ठणठणीत आहे. त्यांले इथीच राहू दे."

"खरं सांगता ना दादा? अन् आईचं ते बोलणं?"

"त्यात काई चूक नाई," तो म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला.

समोरून शेजारच्या नीलाबाई येत होत्या. सरांचं जेवण त्याच करून आणायच्या. हातातल्या परातीवर फडकं झाकलं होतं.

"निघाले काय भाऊ?"

"हो. माझ्यासाठीही केलं का? उगाच त्रास झाला तुम्हाले."

"नाई जी, तुमचं नाई केलं. सर सकाळीच म्हणे, पोरगा थांबणार नाई, बसनं जाईन." त्यांनी फडकं नीट केलं. खाली तीन ताटं होती. "रोज दोन आणतो. आज म्हणे तीन आण. अन् एका ताटात मीठ बिलकुल नको म्हणे."

पुलाकडून बसचा हॉर्न आला. धम्मदीप तिथेच उभा राहिला.

शेवटच्या आजारपणात आईचं सगळं जेवण अळणी असायचं. हे त्यानं सरांना कधी सांगितलं नव्हतं.