कानिफनाथाचं पान

लष्कराच्या इमारतींचे नकाशे काढणं हा माझा धंदा. भिंत कुठे आहे आणि दार कुठे आहे, एवढंच मला विचारावं. देवधर्म, श्राद्धपक्ष यांत मला कधी रस नव्हता. घरच्या श्राद्धालाही मी वडे खाण्यापुरताच हजर असे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकून माझ्या डोक्याविषयी कुणाला शंका यायला नको.

भिंगारच्या आमच्या नकाशाघरात कानिफनाथ ब्ल्यूप्रिंट काढायचा. चाळिशीतला, उंच, हाडापेराने मजबूत आणि बोलायला गोड. दुपारी आम्ही दोघं एकाच लिंबाखाली डबे उघडायचो. भाजी कुठलीही असो, तो तिला नाव ठेवणार हे ठरलेलं. "भागिरथीच्या हातचे शेंगोळे खाल्ले असते ना सायेब, तर ह्ये तुमी तोंडात घातलं नसतं!" हुलग्याच्या पिठाच्या वळ्या करून लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवायच्या, ते शेंगोळे. मला विचाराल तर त्यात जीव टाकण्यासारखं काही नाही. पण त्याचा जीव तिथेच अडकला होता.

भागिरथी ही त्याची बायको. ती आणि मुलगी मालन गोदाकाठी बेटसांगवीला, थोरल्या भावाकडे राहत. विहिरीच्या पाळीवरून त्या भावाशी, सहादूशी, याचं कडाक्याचं भांडण झालं. "पुन्हा या गावाला तोंड दाखवणार नाही" म्हणून हा निघाला, त्याला बारा वर्षं झाली होती. आधी हट्टापायी गेला नाही, नंतर लाजेपायी. पत्रसुद्धा टाकलं नाही. मी त्याला कितीदा शिव्या घातल्या असतील, पण तो खाली मान घालून हसायचा.

त्र्याहत्तरचा फाल्गुन. दुष्काळ सरता सरत नव्हता. एका दुपारी कानिफनाथ कपड्यांसकट नळाखाली जाऊन बसला. "अंगाची आग आग व्हतीया, सायेब." मी म्हटलं, ऊन लागलं असेल, घरी जाऊन पड. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला, पण त्याचं जेवण सुटलं. डबा उघडायचा, बघायचा आणि झाकण लावायचा. भूकच लागत नाही म्हणे. आठवडाभरात गालफडं बसली. मग एक दिवस माझा हात धरून म्हणाला, "सायेब, मला घरी न्या. एकदा तिच्या हातचं खाऊन येतो. तुमी संगं असला तर दादा पायतान न्हाई काढायचा."

त्याची दया आली हे खरं, पण मलाही बेटसांगवी बघायची होतीच. तिथला राजवाडा आणि देवळं यांची वाखाणणी मी बरीच ऐकली होती. मी चित्रांची वही पिशवीत टाकली आणि रविवारी सकाळी आम्ही नगर स्टेशनवर गाडीत बसलो.

पुणतांब्याला उतरून टांगा केला. रस्त्याच्या कडेला बायका दुष्काळी कामावर खडी फोडत होत्या. कानिफनाथ मात्र शाळा सुटलेल्या पोरासारखा खुशीत होता. वळण संपलं तशी समोर नदी आली. नदी कसली, वाळूच्या मधोमध हिरवट पाण्याचा एक डोह. पण काठ बघून मी टांग्यात उभाच राहिलो. काळ्या दगडाचा लांबलचक घाट, मधे महादेवाचं देऊळ, अलीकडे विष्णूचं, पलीकडे देवीचं, आणि या सगळ्यांच्या माथ्यावर सात कमानींचा राजवाडा. सागवानी सज्जे, खाली दगडात कोरलेले मोर. अशी एकसंध रचना मी उभ्या जिल्ह्यात पाहिली नव्हती.

राजवाड्याच्या पायथ्याला, घाटाच्या अंगाला एक दगडी ओवरी होती. मी तिच्याभोवती फिरलो आणि बुचकळ्यात पडलो. तिची पाठ वाड्याला चिकटलेली, पण वाड्यात जायला दार नाही. दार फक्त नदीकडे. बाहेर एक कोनाडा, त्याचा दगड झिजून गुळगुळीत झालेला.

"ही अशी का बांधली?" मी विचारलं.

"त्याची गंमतच हाय," कानिफनाथ म्हणाला. "हितला सरदार पानपतावर गेल्ता. गेला म्हनून बातमी आली, वाड्यानं क्रियाकर्म उरकलं. मागनं ह्यो आला की चालत! मंग त्याला आत कसं घ्यायचं? दिली ओवरी बांधून. रोज कोनाड्यात पान ठिवायचे, ते कावळे खायाचे. तरी गडी वीस वर्सं जगला, म्हनत्यात."

"कावळे खायचे, मग तो काय खायचा?"

"त्ये कुनाला ठावं!" तो हसला. मीही हसलो. दंतकथेला काय, पोट नसतं.

मी कागद काढला आणि वर सज्ज्याकडे पाहिलं. सज्ज्याच्या कडेवर कावळे बसले होते. एकाला लागून एक, या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि एकही कावळा ओरडत नव्हता. सगळे खाली एकाच जागी बघत होते.

मी त्यांच्या नजरेच्या रोखाने पाहिलं. महादेवाच्या देवळापाशी कुणाचा तरी दहावा चालला होता. दर्भावर भाताचा पिंड, शेजारी पानावर मयताच्या आवडीचं काहीबाही. दहा-पंधरा माणसं मागे सरून, हात जोडून उभी. पुढे नुकतंच डोकं भादरलेला एक वयस्क माणूस आकाशाकडे बघून कळवळून बोलत होता, "पोरीचं लगीन मी करून देतो. जिमिनीत तिच्या आईचं नाव लावतो. इहिरीची पाळी घे, समदी इहीर घे! पर शिव रं बाबा आता!"

कावळे जागचे हलत नव्हते. गुरुजी दर्भाचा कावळा वळायला बसले होते. खरा शिवला नाही की तो शिववतात.

"दादा," कानिफनाथ पुटपुटला. "सायेब, त्यो माझा दादा हाय. कोन गेलं वो आमच्यात?"

आणि मला कळायच्या आत तो पायऱ्या उतरत धावला. "दादा! कोन गेलं? भागिरथी कुटं हाय?"

माणसं वळली. असं वळणं मी पुन्हा पाहिलेलं नाही. कुणी किंचाळलं नाही. सहादू मटकन खाली बसला. पांढऱ्या कपाळाची एक बाई पुढे आली, दोन पावलांवर थांबली आणि तिने लुगड्याचा पदर दातांत धरला. हीच भागिरथी. तिच्याआड लपलेली सोळाएक वर्षांची मुलगी मालन असणार, कारण तिची जिवणी थेट बापाची होती.

"हात लावू नका कुणी," गुरुजी म्हणाले.

दहावा कानिफनाथाचाच होता. सहादूने अडखळत सांगितलं ते असं. मालनचं लग्न ठरत होतं. बाप जिता की मेला, असं सोयरे विचारत होते. बारा वर्षं माणसाचा पत्ता नाही, तर शास्त्र आहे. पळसाच्या पानांचा माणूस करायचा, त्याला अग्नी द्यायचा आणि क्रिया करून मोकळं व्हायचं. "धा दिस झाले, सायेब. ह्याच घाटावर मी माझ्या हातानं त्याला जाळला."

मला नळाखाली बसलेला कानिफनाथ आठवला. किती दिवस झाले त्याला? मी ते मोजलं नाही. मोजायचंच नाही असं ठरवलं, आणि मला एकदम राग आला.

"अहो, शुद्धीवर या!" मी ओरडलो. "हा रोज माझ्या शेजारी बसतो. पगार घेतो, बिड्या ओढतो. तुमचंच शास्त्र घ्या ना, गुरुजी! कावळा का शिवत नाही? माणूस मेलेलाच नाही, म्हणून शिवत नाही. शिवला असता तर मी मानलं असतं!"

गुरुजींनी पिंडाकडे पाहिलं, वर कावळ्यांच्या रांगेकडे पाहिलं. मग हातातला दर्भ त्यांनी खाली टाकला. "बरोबर आहे यांचं. शिवलेला नाही. जिवंत आहे तो."

घाटाने सुस्कारा सोडला म्हणा ना. सहादूने भावाच्या गळ्यात पडून जो हंबरडा फोडला, त्याने माझ्यासारख्या कोरड्या माणसाचेही डोळे भरून आले. साळूबाई नावाची शेजारीण धावत देवीच्या देवळात गेली आणि मूठभर कुंकू घेऊन आली. तिने ते भागिरथीच्या कपाळावर चांगलं रुपयाएवढं लावलं. मालन बापाच्या पाया पडली तेव्हा कानिफनाथाने तिच्या डोक्यावर हात ठेवला. मी तर छाती काढून उभा होतो. एका माणसाला मी नुसत्या युक्तिवादाने परत आणलं होतं!

"भूक लागलीया," कानिफनाथ म्हणाला. "लई भूक लागलीया, भागिरथी."

सगळे ओले डोळे पुसत हसले. दहाव्याला मयताच्या आवडीचं करतात, तसे तिने पातेलंभर शेंगोळे करून आणलेच होते. ओवरीच्या पायरीवर त्याला बसवलं. पळसाच्या पत्रावळीवर तिने वाढलं आणि तो जेवू लागला. आठवडाभर घास न घेतलेला माणूस. बोटं चाटत, रस्सा ओरपत, मधेच तिच्याकडे बघत. ती पदराने त्याला वारा घालत होती. पिंड तिकडे तसाच पडला होता, त्याकडे कोण बघतो आता?

पान स्वच्छ झालं. त्याने हात धुतला. दाराच्या चौकटीला टेकला.

"झालं बघ," तो म्हणाला. "पोरगी बघितली, दादा भेटला, तुज्या हातचं खाल्लं. आता काईसुदिक ऱ्हायलं न्हाई."

सज्ज्यावरून एक कावळा उतरला.

सरळ खाली आला, पिंडापाशी बसला आणि त्याने चोच घातली.

मग दुसरा उतरला. मग सगळे.

भागिरथीचा वारा घालणारा हात थांबला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो तिच्याकडे बघून हसत होता, त्याची पाठ पिंडाकडे होती. त्याला अजून काही दिसलं नव्हतं.

तिने तोच हात वर नेला आणि कपाळावरचं कुंकू पुसलं.

"भागिरथी?"

ती उठली. डोहावर जाऊन तिने पाय धुतले. मागोमाग साळूबाईने धुतले, मग बाकीच्यांनी. "मागे न बघता चला," गुरुजी हळूच म्हणाले आणि माणसं पायऱ्या चढू लागली.

"अहो, काय करताय हे?" मी धावलो. कानिफनाथाचं मनगट धरलं. गरम होतं. नाडी उडत होती. "हे बघा! नाडी लागतेय! या, हात लावून बघा!"

मालनने मान वळवायला सुरुवात केली. सहादूने तिच्या गालाला हात लावून ती पुन्हा समोर केली. स्वतःही वळला नाही. पाठ करूनच तो माझ्याशी बोलला.

"सायेब, शिवला तर मानीन, आसं तुमीच म्हनला हुता."

मी कानिफनाथाचं मनगट सोडलं.

"ओवरी झाडून घेतो," सहादू म्हणाला. "कोनाड्यात पान रोज यील. त्याला काई कमी पडू देनार न्हाई."

कानिफनाथाने तेव्हा मागे वळून पिंड पाहिला. कावळे पाहिले. त्याने हाका मारल्या नाहीत की आरडाओरडा केला नाही. निदान रडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने पायताण घातलं आणि म्हणाला, "चला सायेब. हितं ऱ्हायलो तर पोरीचं लगीन मोडंल."

पुणतांब्याचं स्टेशन ओस होतं. गाडीला तासभर अवकाश होता. काहीतरी केलं पाहिजे म्हणून मी कांदाभजी घेतली. अर्धी त्याला दिली, अर्धी माझ्या हातात. त्याने आपला कागद न उघडता बाकाच्या पलीकडच्या टोकावर ठेवला.

"खाऊन घे रे," मी म्हटलं. "नगरला पोचेपर्यंत रात्र होईल."

"व्हय," तो म्हणाला आणि कागदाकडे बघत राहिला.

पत्र्याच्या छपरावरून कावळा खाली आला. कागद फाडून तो भजी खाऊ लागला. मी त्याला हाकलायला हात उचलला, आणि तो तसाच राहिला. कावळा चोच मारी तसतशी कानिफनाथाच्या गळ्याची घाटी वरखाली होत होती.

कागद रिकामा झाला. कावळा उडाला. कानिफनाथाने ढेकर दिला आणि तोंडावरून हात फिरवला.

"मीठ जरा जास्तच हुतं, सायेब."

माझ्या हातातल्या भज्यांना मी अजून तोंड लावलं नव्हतं. एक उचलून जिभेवर ठेवलं.

मीठ खरंच जास्त होतं.