राणीसाहेबांचा उखाणा

भर दुपारी, घरातली वडील मंडळी घोरत असताना, हरिहर गुप्ते आईचं लुगडं नेसून परसातल्या विहिरीभोवती लचकत चालत होता. नेमकी तेव्हाच त्याची बायको धुणं घेऊन बाहेर आली.

ती थबकली. तो थबकला. लुगडं मात्र थबकलं नाही, ते घसरलं.

आणि उत्तरा हसली. आधी खुदकन, मग तोंडावर हात दाबून, मग हाताला न जुमानता. हरिहरने आपल्या बायकोचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो असा.

यात नवल काही नाही. त्यांचं लग्न लागलं तेव्हा दोघांनाही एकमेकांपेक्षा जिलबीत जास्त रस होता. पुढे उत्तरेची आई अंथरुणाला खिळली. तिची सेवा करत मुलगी कल्याणला माहेरीच राहिली आणि ठाण्याला नांदायला येईपर्यंत तिला विसावं वर्ष लागलं. त्या काळी एवढ्या वयात बायका सासू होण्याची तयारी करत. बरं, ती आली मार्गशीर्षाच्या अखेरीस. लगोलग पौष लागला. पौषात शुभकार्य नको म्हणून सासूबाईंनी सुनेला आपल्याच खोलीत निजवलं. आणि वडीलधाऱ्यांदेखत नवऱ्याने बायकोशी बोलायचं नाही, हा तर घरोघरचा कायदा. सरकारच्या कायद्यातून वकील पळवाट काढत; यातून कोणी काढली नव्हती.

"हे... नाटकाचं आहे," हरिहर पदर गोळा करत म्हणाला. "आमच्या हायस्कुलाच्या माजी विद्यार्थ्यांचं. मी राणी आहे."

"राणी होय? मला वाटलं, पखालीचा रेडा."

हरिहर त्याच हायस्कुलात शिकून तिथेच मास्तर झाला होता. वर्गातली पोरं त्याला टरकून असत. पण रेडा म्हटल्यावर एवढं बरं वाटेल, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"मग... तूच शिकव ना."

उत्तरेने एकदा माजघराकडे कान दिला. घोरणं चालू होतं — सासऱ्यांचं खर्जात, सासूबाईंचं वरच्या पट्टीत.

"पाऊल एवढं टाकायचं नाही," ती म्हणाली. "तुम्ही काय खाडी ओलांडताय?"

त्या दिवसापासून दुपारची झोप हरिहरला फार प्रिय झाली. दुसऱ्यांची.

हेडमास्तरांनी स्वतः रचलेलं नाटक होतं. लढाईहून परतलेल्या राजा प्रतापसेनाच्या घरात राणी पाऊल टाकते, नणंद उंबऱ्यावर अडवते, राणी उखाण्यात नवऱ्याचं नाव घेते — आणि पडदा. राजा होता महिपत, कलेक्टर कचेरीतला कारकून. त्याच्या मिशा एवढ्या मोठ्या की संवाद त्यांतून गाळून येत.

"हेडमास्तरांनी उखाण्यात संस्कृत घातलंय. जमत नाही," हरिहर एकदा म्हणाला.

"संस्कृतात कोणी लाजतं का?" उत्तरेने विहिरीच्या कठड्याला टेकून क्षणभर डोळे मिटले. "हे घ्या —

कोपिनेश्वराच्या दारी घंटा वाजे मोठी,
प्रतापसेनांचं नाव आलं माझ्या ओठी."

"अगं, कोपिनेश्वर आपल्या ठाण्यातला, राजा तर हस्तिनापुराकडचा!"

"राणी ठाण्याची आहे ना? म्हणा."

हरिहरने म्हटलं. पाढा म्हणावा तसं म्हटलं.

"लाजा की जरा!"

"महिपतकडे बघून लाजू? त्याच्याकडे बघून भूक मरते."

"त्यांच्याकडे बघूच नका. मनात आपलं माणूस आणायचं..." ती लुगड्याच्या काठाशी चाळा करत म्हणाली. "मग चेहऱ्याचं चेहरा बघून घेतो."

"तू आणतेस?"

तिने पोहरा विहिरीत इतक्या जोरात सोडला की माजघरातलं घोरणं थांबलं. दोघं दोन दिशांना पळाले.

नाटकाच्या आदल्या दिवशी जेवताना तात्यांनी, म्हणजे हरिहरच्या वडिलांनी, भात कालवता कालवता निकाल दिला.

"सूनबाई रुळलेली दिसत नाही. आल्यापासून तोंडातून शब्द नाही. उद्या तिचे भाऊ गुरुदत्तराव नाटकाला येताहेत, त्यांच्याबरोबर पाठवून देऊ. वर्षभर राहील माहेरी."

उत्तरेच्या हातातली पळी तशीच राहिली. सून 'जात नाही' म्हणाली तर आगाऊ. मुलगा 'ठेवा' म्हणाला तर बेशरम. हरिहरने तोंड उघडलं... आणि त्यात भाताचा घास घातला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हायस्कुलाचा दिवाणखाना माजी विद्यार्थ्यांनी भरला. वकील, शिरस्तेदार, रेल्वेतले बाबू — शाळेने घडवलेली मोठी माणसं पुढच्या बाकांवर बसली होती. बहुतेकांची ती पहिलीच वेळ. हेडमास्तरांनी जुन्या सवयीने छडी टेबलावर ठेवताच एक मुन्सफ सरळ होऊन बसले. पहिल्या रांगेत तात्या, शेजारी उत्तरेचा भाऊ गुरुदत्त, तोही याच शाळेचा. बाजूला बांबूच्या चिकाच्या पडद्यामागे बायका. आणि दाराशी उत्तरेची ट्रंक. नाटक सुटलं की थेट स्टेशन.

हरिहरची नजर त्या ट्रंकेवर गेली आणि चाल आपोआप बदलली. एवढीशी पावलं, जड पावलं. "काय चालते हो!" चिकामागून कुणी म्हणालं.

नणंदेने उंबरा अडवला. "नाव घे!"

मनात आपलं माणूस आणायचं. हरिहरने आणलं. कान तापले, मान खाली गेली, बोटं आपसूक काठाशी चाळा करू लागली...

"कोपिनेश्वराच्या दारी घंटा वाजे मोठी,
उत्तरेचं नाव आलं माझ्या ओठी."

मग मिशांतून महिपतचा आवाज आला, "मग मी कोण?"

दिवाणखाना हशाने दणाणला. मुन्सफ बाक बडवत होते. हेडमास्तरांचा हात छडीकडे गेला. पण तेही हसत होते, म्हणून छडी सापडेना. हसले नाहीत फक्त तात्या. ते पागोटं सावरून उठले आणि चिकाकडे गेले. मागोमाग गुरुदत्त आणि पदरात पाय अडकत राणीसाहेब.

"सूनबाई," तात्या म्हणाले, "आमच्या चिरंजीवांनी गावासमोर आपलं म्हणणं मांडलं. तुझं काय?"

चिकामागे बांगड्या वाजल्या. हरिहरचा श्वास चोळीत अडकला. बायका कुजबुजल्या, "घे की गं, तूही नाव घे!"

मग तो आवाज आला. विहिरीकाठचा.

"कल्याणच्या गाडीला दादा एकटाच बरा,
हरिहररावांचा पदर अजून सावरत नाही खरा."

गुरुदत्ताने ट्रंक उचलली आणि तात्यांच्या टांग्यात नेऊन ठेवली.

तात्या छताकडे बघून खाकरले. मग चिकाकडे तोंड करून, अगदी पंचांग विचारावं तशा आवाजात त्यांनी सासूबाईंना विचारलं,

"अहो, ऐकलंत का? पौष कधी संपतोय?"

"संपला म्हणे," पलीकडून उत्तर आलं, "आत्ताच."