डोणगावच्या अलीकडची पाणपोई

ज्याच्यासोबत हे घडलं तो माझा सख्खा मावसभाऊ आहे. गजेंद्र, मेहकरचा. एरवी तो बोलण्यात चार गोष्टी पदरच्या घालतो, हे सगळ्या मेहकरला ठाऊक आहे. पण ही गोष्ट सांगताना तो आवाज उतरवतो, मध्येच थांबतो... आणि त्यात काहीच पदरचं घालत नाही. म्हणून मला ती खरी वाटते.

गेल्या वर्षीचा मे महिना. डोणगावच्या अलीकडचा रस्ता.

आणि वेळ रात्रीची नाही... भर दुपारची.

गजेंद्रची जुनी जीप आहे. लोणारचं सरोवर बघायला येणाऱ्या परदेशी पाहुण्यांना तो अकोल्याच्या स्टेशनवरून आणतो. त्यात इंग्लंडचे जास्त. एकदा एका इंग्रज साहेबाला उसाचा रस बाधला, तेव्हापासून गजेंद्र पाहुण्यांना मास्तरासारखा बजावतो. पाणी फक्त सीलबंद बाटलीचं. झाकण फिरवताना कट्ट आवाज आला नाही तर बाटली टाकून द्या. बर्फ नको, कापलेलं टरबूज तर मुळीच नको. सुती कपडे घाला, डोक्याला रुमाल बांधा, दुपारच्या उन्हात फिरू नका. आणि कुणी प्रेमानं काही प्यायला दिलं, तर छातीवर हात ठेवून हसत नको म्हणा. आमच्याकडे त्याचा कुणी राग मानत नाही.

ही शेवटची सूचना त्याने आता बंद केली आहे.

त्या दिवशी पाहुण्या एकट्याच होत्या. हेलन मॅडम. साठी ओलांडलेल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, स्वभावाने गोड. गजेंद्रची एकूण एक सूचना त्यांना पाठ होती. पण अकोल्याला रेल्वे उशिरा आली आणि ऐन दुपारीच निघावं लागलं.

डोणगाव जवळ आलं आणि जीप तापली. बोनेटमधून वाफ निघायला लागली. गजेंद्रने ती एका कडुलिंबाखाली उभी केली.

तिथे पाणपोई होती. तुराट्यांचं छप्पर, ओलं पोतं गुंडाळलेला रांजण, आणि बाजूला बसलेली एक म्हातारी. सत्यभामाबाई. जीप थांबलेली पाहून ती गडवा, म्हणजे आमच्याकडचा तांब्या, भरून लगबगीनं आली.

"घे माय, पाणी पे. उन्हाची आली तू."

हेलन मॅडमनी छातीवर हात ठेवला. हसल्या. मान हलवली.

म्हातारीचा चेहरा उतरला.

"काऊन बापू? पाणी पेत नाही काय ते?"

"पेते ना मावशी. गाडीत बसून पेते. दे इकडे."

"तिनंच पेलं पाह्यजे बरं. माह्या गोविंदाच्या नावाचं पाणी हाये हे. असाच उन्हाचा बजारातून पायी आला लेक माहा, अन् या झाडाखाली पडला. पाणी पाणी करत गेला. तुमी लोकं पेलं का त्याले पोचते."

आमच्याकडे पाणपोईच्या पाण्याने कुणी हातसुद्धा धूत नाही. ते फक्त प्यायचं. गजेंद्रलाही हे माहीत होतं. पण मॅडमना ते पाजायचं नव्हतं, म्हातारीचं मन मोडवत नव्हतं, आणि बाटल्यांचं पाणी पाहुणीसाठी राखायचं होतं. रेडिएटर मात्र कोरडा पडला होता.

तो बोनेटच्या आड गेला. फडक्याने झाकण काढलं... आणि गडवा आत रिकामा केला.

गट... गट... गट...

पाणी ओतल्याचा आवाज असा नसतो. पण उन्हाने त्याचं डोकं ठणकत होतं. त्याने लक्ष दिलं नाही.

"पेली?" म्हातारीने विचारलं.

"पेली मावशी."

जीप सुरू झाली. थोडं पुढे गेल्यावर मॅडमनी शेजारच्या खोक्यातून बाटली काढली आणि त्या थबकल्या.

बाटली रिकामी होती.

सील मात्र शाबूत.

दुसरी काढली. तीही तशीच. खोक्यातल्या सगळ्या बाटल्यांची झाकणं घट्ट होती... आणि आत थेंब नव्हता. गजेंद्रने अकोल्याच्या दुकानदाराला मनसोक्त शिव्या घातल्या. शिव्या संपल्या आणि जीपमध्ये शांतता झाली.

मग मागून आवाज आला.

गट... गट...

त्याने आरशात पाहिलं. मॅडम दाराला चिकटून बसल्या होत्या. सीटच्या दुसऱ्या, मोकळ्या बाजूकडे टक लावून बघत होत्या.

"गजेंद्र," त्या हळूच म्हणाल्या, "इथं कोण बसलंय?"

डोणगाव येताच त्याने दुकानातून गार बाटली घेतली. स्वतःच्या हाताने झाकण फिरवलं. कट्ट आवाज आला. बाटली चांगली जड होती. त्याने ती मॅडमच्या ओठांना लावली...

गट... गट... गट...

बाटली हलकी झाली. मॅडमचे ओठ कोरडेच होते.

त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता आणि घाम यायचा थांबला होता. विदर्भातल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. उन्हात घाम थांबला की माणूस हातचा जातो. दवाखान्यात न्यावं? सलाइन लावली तरी तिचा थेंब यांना पोचेल का? गजेंद्रला म्हातारीचं बोलणं आठवलं, आणि त्याने जीप मागे वळवली.

पाणपोईपाशी उतरून त्याने सरळ म्हातारीचे पाय धरले.

"चुकलो मावशी. तुहं पाणी मी इंजनात ओतलं."

ती रागावली नाही. त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही. ती जीपच्या मागच्या सीटकडे बघत होती.

"आला?" तिने हळूच विचारलं.

मग गडवा घेऊन ती धावली. हेलन मॅडमनी ना झाकण विचारलं, ना सील. त्यांनी ओंजळ पुढे केली. म्हातारी ओतत गेली, त्या पीत गेल्या. गडव्यावर गडवे रिकामे झाले. रांजणातलं पाणी तळाला गेलं.

"पोटात काहीच जात नाही," मॅडम कशाबशा पुटपुटल्या. त्यांची जीभ लाकडासारखी झाली होती.

म्हातारीला ते दिसत होतं. तरी ती ओतत होती. हसत होती आणि रडत होती.

"पे राजा... पे..."

मॅडमची मान गजेंद्रच्या हातावर कलंडली.

"मावशी, बाई मरते! सांग ना त्याले!"

"किती उन्हाळे वाट पाह्यली मी, बापू. आज कुठं पेऊन राह्यला तो."

"हिची बी लेक वाट पाहून राह्यली, मावशी. रोज फोन करते ते. काय सांगू मी तिले?"

म्हातारीचा हात थांबला.

गजेंद्र म्हणतो, ती बोलेपर्यंत त्याला सगळे देव आठवून झाले.

"बस झालं रे गोविंदा," ती शेवटी म्हणाली. "आता या बाईले पेऊ दे. उतर खाली, बाबू."

गटगट बंद झाली.

मागची सीट करकरली... आणि जीप एका बाजूने किंचित वर उचलली गेली. कुणीतरी उतरल्यावर उचलते तशी.

रांजणाच्या तळाशी उरलेलं पाणी म्हातारीने मॅडमच्या तोंडात घातलं. त्यांना ठसका लागला. त्यांनी घोट गिळला. हळूहळू कपाळावर घाम आला, आणि गजेंद्र तिथेच रस्त्यावर बसून लहान पोरासारखा रडला.

मेहकरच्या डॉक्टरांनी ऊन लागलं म्हणून सांगितलं. मॅडम बऱ्या झाल्या, लोणार पाहून सुखरूप घरी गेल्या. गजेंद्रला त्या अधूनमधून मेसेज करतात, पण त्या दिवसाबद्दल कधी काही लिहीत नाहीत.

पण पाणपोईवरून निघताना म्हातारीने जीपची खिडकी धरून ठेवली होती.

"इतके उन्हाळे नेमानं पाणी पाजलं मी लोकायले. एकदा बी नाही आला तो. तू इंजनात ओतलं... अन् आला."

तिचे डोळे चमकत होते.

"उद्या बी येजो बापू. दुसऱ्या पावण्याले घेऊन."

गजेंद्रने तो रस्ता सोडला. लांबचा फेरा पडतो, तरी आता तो दुसरीकडूनच जातो.

या वर्षी मे महिन्यात मेहकरच्या स्टँडवर त्याला निवृत्ती नावाचा ओळखीचा ड्रायव्हर भेटला. तोही पाहुण्यांची गाडी चालवतो आणि नुकताच डोणगावकडून आला होता. चहा पिता पिता सहज म्हणाला, "तिकडं एक म्हातारी हाये लेका, लय भली. सवारीले पाणीच विचारत नाही. गडवा घेऊन सरळ बोनेटपाशी येते. म्हणते, गाडी तापली असीन बापू, ओत हे इंजनात."

गजेंद्रने कप खाली ठेवला.

"अन् तू काय केलं बे?"

"ओतलं ना. काऊन?"

बाहेर निवृत्तीच्या गाडीत एक म्हातारं इंग्रज जोडपं बसलं होतं. बाई खिडकीतून रिकामी बाटली हलवून पाणी मागत होती.

पुढचं गजेंद्र मला अजून सांगत नाही.