आजीच्या मागे चार सेकंद

"माझ्या आजीच्या मागे कुणीतरी लागलंय," बाई दारातूनच म्हणाल्या, "आणि आज पाचच्या ठोक्याला तिचा निकाल लागणार!"

भाच्याची दुपारची डुलकी खाडकन उडाली. हा गृहस्थ शाळेत भूगोल शिकवायचा आणि सुट्टीत आत्याच्या शोधकामात लुडबुड करायचा. आत्याने मात्र शांतपणे खुर्ची पुढे सरकवली.

"आजींचं वय?"

"अठरा. उपग्रह आहे हो ती! हवामानाचा. आम्ही लाडानं आजी म्हणतो."

बाई उपग्रहांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात निरीक्षक होत्या. आकाशात भिरभिरणारा भंगार तुकडा उपग्रहाच्या वाटेत आला, की आधीच सावध करायचं हे त्यांचं काम. मंगळवारपासून पडद्यावर आजीच्या ठिपक्यामागे एक अनोळखी ठिपका दिसू लागला होता. अगदी त्याच वाटेने, चार सेकंदांच्या अंतरावर.

"साहेब म्हणतात, तुकडा जुनाच आहे, माझ्याच नजरेतून सुटला. उद्यापासून घरी बसा म्हणाले. आणि आज आजीला बाजूला उडी मारायला लावणार. त्यात तिची इंधनाची टाकी जवळजवळ रिकामी होईल." बाई खुर्चीच्या कडेला सरकल्या. "पण माझ्या नजरेतून तुकडा सुटलेला नाही हो. शपथ घेऊन सांगते."

"चला," आत्या म्हणाली.

केंद्राची निरीक्षण खोली पाण्याखाली असावी तशी निळसर आणि गप्प होती. पडद्यावर हजारो ठिपके संथ तरंगत होते. त्यांच्याकडे बघता बघता भाच्याच्या पापण्या पुन्हा जड झाल्या. आपणही त्यातलेच एक होऊन कुणाला न धडकता असंच वाहत राहावं, असं त्याला वाटून गेलं.

"हा आजीचा ठिपका कुणी बघून मांडतं?" आत्याने विचारलं.

"नाही. ओळखीच्या वस्तूंचे ठिपके गणितावर चालतात. आठवड्यातून एकदा मोठ्या तबकडीच्या अँटेनाने प्रत्यक्ष जागा टिपतो आणि गणित दुरुस्त करतो. आजीची पाळी उद्या."

"आणि अनोळखी?"

"नव्या तुकड्याचं गणित कच्चं असतं. म्हणून तो रोज टिपायचा."

तेवढ्यात साहेब आले. कपाळावर आठी, हातात कागद. "खासगी शोधक? इथे? अहो, दर मंगळवारी मी स्वतः सेवा सुधारणेची बैठक घेतो. या मंगळवारी तर या बाईंना मुद्दाम बोलावून तासभर समजावलं. तरी हा प्रकार!"

"उडी टाळता नाही येणार?" आत्याने विचारलं.

"नियम म्हणजे नियम. टाकीत सात लिटर आहे, उडीला पाच लागतील. दोन उरतील की म्हातारीला!"

काचेच्या भिंतीपलीकडे आजीचा चालक बसायचा. आजीला हुकूम पाठवणारा माणूस. तो बाईंचा सख्खा काका होता, त्यानेच त्यांना हे काम शिकवलं होतं. त्याच्या मागच्या फळ्यावर खडूने 'टाकी : सात' असं लिहिलेलं होतं. त्याच्यासमोरच्या छोट्या पडद्यावर भाच्याला पाचाचा आकडा दिसला. झोपाळू डोळ्यांचा दोष, असं म्हणून त्याने तो सोडून दिला.

"आजी कशी आहे?" आत जाऊन आत्याने असं विचारलं, जणू शेजारच्या घरची चौकशी करतेय.

काकाचा चेहरा उजळला. "हाक मारली की ओ देते अजून. हल्ली चार सेकंद उशीर होतो. चालायचंच, वय झालं."

"तुम्ही हाक कशाने मारता?"

"ही छोटी तबकडी. ही आकाशाचा मोठा पट्टा ऐकते. थोडं मागेपुढे असलं तरी ऐकू येतं."

"मंगळवारी काय केलंत?"

"नेहमीचा सराव. पाठवणीचा खटका खाली, म्हणजे बंद, करायचा आणि खोटाखोटा हुकूम द्यायचा. एरवी खटका पोरगी तपासते. या वेळी ती बैठकीत होती, मी एकट्याने उरकला."

आत्याने फळ्याकडे आणि छोट्या पडद्याकडे पाहिलं. मग भाच्याला म्हणाली, "जा, साहेबांना बोलाव. म्हणावं, उडीआधी दहा मिनिटं द्या."

पाचाला दहा कमी असताना सगळे काकाच्या खोलीत जमले.

"एक सांगा," आत्या म्हणाली. "आजी आणि अनोळखी, दोघांना एकाच वेळी प्रत्यक्ष कुणी पाहिलंय?"

बाईंनी पटकन नोंदवही उघडून मंगळवारपासूनची पानं चाळली.

"कुणीच नाही," आत्याच म्हणाली. "दिसतो तो अनोळखी. आजी मंगळवारपासून फक्त गणितात आहे. अनोळखी चार सेकंद मागे, आणि आजी ओ देते तीही चार सेकंद उशिरा. उपग्रह म्हातारपणामुळे उशिरा बोलत नाही, काका. तो उशिरा पोचतो."

"म्हणजे?" भाच्याने डोळे चोळले.

"म्हणजे आजीच्या मागे आजीच आहे, वेड्या! मंगळवारी खटका वरच राहिला. सरावाचा हुकूम खरा गेला, आजीने खरीच उडी मारली, जरा वरून वळसा घेतला आणि चार सेकंद मागे पडून ती पुन्हा त्याच वाटेला लागली. टाकीतले दोन लिटर त्यात गेले. कुणाला पत्ताच नाही, म्हणून गणित तिला जुन्याच जागी, चार सेकंद पुढे, चालवत बसलं."

"पण टाकीत सात आहेत!" साहेब ओरडले.

"फळ्यावर आहेत. काकांच्या पडद्यावर पाच. आज पाच वापरले असते तर आजी संपली असती."

काका खाली बघत राहिला. "मला वाटलं टाकी गळतेय," तो पुटपुटला. "गळते म्हटलं असतं तर साहेबांनी लगेच तिला खाली ओढून जाळून टाकली असती. म्हणून फळा पुसला नाही. उडीनंतर रिकाम्या टाकीनेही ती थोडे दिवस तरंगेल, असं वाटलं. हुकूम गेलाय हे देवाशपथ ठाऊक नव्हतं."

"सगळं ऐकायला छान आहे," साहेब म्हणाले. "पुरावा?"

"मोठी तबकडी जिथे रोखावी तिथलंच ऐकते ना? मग उडीचा हुकूम नको, नुसती हाक मारा."

बाईंनी मोठी तबकडी आजीच्या ठिपक्यावर रोखली. काकाने हाक दिली. काहीच नाही. पुन्हा दिली. तिथे मोकळं आकाश होतं.

मग तबकडी अनोळखीवर वळली. काकाने हाक दिली आणि खोलीभर आजीचा तो किणकिणता सूर पसरला. भाच्याला वाटलं, आपण अजून झोपेतच आहोत आणि स्वप्नात कुणीतरी दुरून ओ देतंय.

"उडी रद्द!" साहेब कसेबसे म्हणाले. मग घसा खाकरून बाईंकडे वळले. "तुम्ही उद्या या. आणि सरावाच्या वेळी तुम्हाला बैठकीला बोलावणार नाही. अहवाल मात्र आत्ताच हवा. चूक कुणाची, ते नावासकट."

बाईंनी कागद ओढला. त्या काकाकडे वळल्या तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. "माझी नोकरी जात होती, काका. टाकीबद्दल तुम्ही दोन शब्द बोलला असतात तर!"

"चुकलो, पोरी. म्हातारीला वाचवायला गेलो आणि तुझ्याकडे बघायचंच राहिलं."

बाईंचं पेन कागदावर अडून राहिलं.

"काय लिहू?"

"माझं नाव लिही, पूर्ण. हातचं राखलंस, तर मी तुला काहीच शिकवलं नाही असं होईल."

बाईंनी डोळे पुसले आणि काकाचं पूर्ण नाव लिहिलं.